बाल्कनी पाहुण्यांसाठी राखीव आहे

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (खरा साष्टांग घालण्याइतकी मोकळी जमीन सध्या आमच्या घरात नाही. कारण पुढे येईलच, तोवर उभ्यानेच घातलेला गोड मानून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? आमच्याकडे सगळे खुशाल. आई खुशाल आहे, काकांना नेहमीचंच काहीतरी झालंय म्हणजे तेही खुशाल आहेत, आणि बाबा लिफ्ट दुरुस्त करून येतात, जेवतात, झोपतात. तुझा भाऊ दिवसभर लोकांना वर-खाली पोचवण्याच्या खटपटीत असतो, पण बोलताना स्वतः एका वाक्याच्या पुढच्या मजल्यावर जात नाही, हे तुला मी काय सांगायचं.

तर मला बाबांना एक गोष्ट सांगायची आहे. तुला आधी सांगते. एका वाचनालयानं मला नोकरी देऊ केली आहे. मुलांचा विभाग नव्यानं उभा करायचा आहे. पगार बेताचा, काम मनासारखं, आणि शहर इथून रात्रभराच्या प्रवासावर. महिनाअखेरपर्यंत होय-नाही कळवायचं आहे. घराण्यातली पहिली पदवीधर म्हणून बाबांनी माझं प्रमाणपत्र चौकटीत बसवून भिंतीला लावलंय, रोज कामावर जाताना ते त्यावरून फडकं फिरवतात. पण त्या चौकटीतली मुलगी भिंतीवरून उतरून कुठे जाईल, असं त्यांच्या मनात कधी आलेलं नाही.

आता हे सांगायचं कुठे? आमच्या घरात कुणी कुणाशी एकट्यानं बोलू शकत नाही. मी आईकडे मीठ मागितलं तर बाहेरच्या खोलीतून काका स्वतःचा रक्तदाब सांगतात. शेवटच्या वर्षाला मी ‘कुटुंबातील संवाद आणि घराची रचना’ यावर प्रकल्प लिहिला होता (पहिला नंबर आला, तेव्हा तू पेन पाठवलं होतंस). त्यात मी ठामपणे म्हटलं होतं की माणसांना समोरासमोर बसायला जागा मिळाली की मनं आपोआप मोकळी होतात. तेव्हा ठरवलं की बाल्कनीची बैठक करायची. दोन खुर्च्या, चार झाडं, मंद दिवे. संध्याकाळी बाबा एका खुर्चीत, मी दुसऱ्या खुर्चीत, बाकीचं संवाद बघून घेईल.

तुला आमची बाल्कनी आठवत असेल. नसेलही, कारण सामानामुळे ती कुणाला दिसलेलीच नाही. बिनमोटरचा कूलर, एक पाय गमावलेली शिडी, जुनी गादी, काकांची व्यायामाची सायकल (जिच्यावर आजवर फक्त टॉवेलांनी व्यायाम केला), आणि बाबांची लिफ्टची सुटी बटणं डबे भरभरून. वर्षानुवर्षं ज्या वस्तूंकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, त्या मी दाराशी आणताच सगळ्यांच्या जिवाभावाच्या निघाल्या. शेवटी एकही वस्तू घराबाहेर गेली नाही. सगळ्या आत आल्या. तुझा नमस्कार उभ्यानं घातला तो यामुळे.

मग मात्र घर कामाला लागलं. शिकवणीच्या पैशांतून मी वेताच्या दोन खुर्च्या आणल्या. खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंनी आईच्या जुन्या पडद्यांतून उशांचे अभ्रे शिवून दिले. हिरव्या प्लॅस्टिकच्या हिरवळीचा तुकडा अंथरला, तर काका सकाळी त्यावर अनवाणी चालू लागले, हिरवळीवर चालल्यानं नजर सुधारते म्हणून. (बाल्कनी एवढीशी, त्यामुळे नजर सुधारेपर्यंत त्यांना चक्कर येते.) बाबांनी दिव्यांची माळ लावली आणि तिला बटण म्हणून लिफ्टचं वर जायचं बटण बसवलं. बाण दाबला की दिवे लागतात. बाबा मागे सरकून बघत राहिले आणि म्हणाले, “छान झालंय. आता जपा.”

आत्या, त्या दोन शब्दांनी घात केला. तुला माहीतच आहे, आपल्या घरात चांगली वस्तू वापरायची नसते. आईनं दुसऱ्या दिवशी खुर्च्यांना प्लॅस्टिक घातलं. प्लॅस्टिकवर धूळ बसते म्हणून त्यावर चादरी घातल्या. बाल्कनीच्या दाराला कुलूप आलं, चावी आईच्या कमरेला गेली. बाल्कनीत धुणं वाळत घालणं शोभत नाही म्हणून दोऱ्या बाहेरच्या खोलीत आल्या, आणि आता आम्ही ओल्या चादरींच्या आडून एकमेकांना हाका मारतो. शेजारपाजारचे बाल्कनी बघायला येतात, त्यांना उंबऱ्यातूनच दाखवून परत पाठवलं जातं. संवादासाठी जागा केली आणि घरात होता तोही संवाद पडद्यात गेला. प्रकल्पात हा मुद्दा माझ्याकडून सुटला होता.

झाडांना पाणी घालायला तेवढी मला चावी मिळते. त्या वेळात मी भाषणाची तालीम करते. चादर घातलेली खुर्ची डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलेल्या बाबांसारखीच दिसते, त्यामुळे सराव चांगला होतो. मी स्त्रीशिक्षणापासून सुरुवात करते, वाचनसंस्कृतीवर येते आणि मग हळूच प्रवासाचा विषय काढते. परवा वाचनसंस्कृतीवर असताना खालून काकूंचा आवाज आला, “अगं, तो मधला भाग काढ. त्यात तुझे बाबा झोपतील.” घरातले चार कान नकोत म्हणून मी बाहेर आले, आणि बाहेर सगळ्या इमारतीचे कान होते. मी काकूंना शपथ घातली. त्या म्हणाल्या, शपथ कशाला, मशीन चालू असलं की मला काही ऐकू येत नाही.

असो. काकांचा तुला नमस्कार. तू विचारलं होतंस, तुझी ती निळी पिशवी आमच्याकडे राहिली आहे का. (राहिली आहे. जपून ठेवली आहे.)

तुझी लाडकी,
भाची

ता. क. : पत्राचं खरं कारण आता लिहिते. खुर्च्यांवरचं आवरण खऱ्या पाहुण्यासाठीच निघेल असं आईनं जाहीर केलंय, आणि खरा पाहुणा म्हणजे कोण याचा आम्ही खूप विचार केला, तर या घराला तू एकटीच उरतेस. म्हणून गुडघ्यांना समजावून महिनाअखेरच्या आत ये. खुर्चीत बस आणि बाबांना शेजारी बसव. तुला ते नाही म्हणत नाहीत. मग मी बोलेन, आणि माझं अडलं तर तू बोल.

आणखी एक ता. क. : पाकीट चिकटवायचं राहिलं ते बरंच झालं. आज सकाळी बाल्कनीचं दार उघडं दिसलं. बाबा आत होते, खुर्चीला टेकून खाली हिरवळीवर बसून चहा पीत होते. मी भाषणाचं पहिलं वाक्य जुळवत होते तेवढ्यात त्यांनीच विचारलं, “तिथं खोलीला बाल्कनी आहे का?” मी झाडांच्या पाण्याचा तांब्या खाली ठेवला. ते म्हणाले, “विचारून घे. नसेल तर खिडकी तरी मोठी बघ. तुझं बोलणं लांबलचक असतं, खोलीत मावायचं नाही.” माझ्या तालमीच्या त्या दिवशी काकूंचं मशीन बंदच होतं. बाबा त्याची मोटर दुरुस्त करायला खाली बसले होते. त्यांनी स्त्रीशिक्षणापासून सगळं ऐकलं, आणि मधल्या भागात झोपले नाहीत.

मग त्यांनी एका खुर्चीचं प्लॅस्टिक स्वतः काढलं. म्हणाले, ही घेऊन जा, मी दोरीनं बांधून देतो.

तेव्हा आत्या, बाबांना समजवायला येऊ नकोस. पण ये. मला वाटलं होतं थोडं तरी अडवतील, त्याची सगळी उत्तरं मी पाठ केली होती. आत्ता हे लिहितेय तेव्हा बाबांनी बाण दाबून भरदिवसा दिवे लावलेत आणि स्वतः दुसऱ्या खुर्चीच्या प्लॅस्टिकवरच बसलेत. शेजारची माझी खुर्ची मोकळी आहे. मी मघापासून उंबऱ्यातच उभी आहे, कारण एकदा बसले तर त्यांना नाही, मलाच समजवावं लागेल.