हुरड्याची चटणी

नागपूर, बुधवार

अंगददादाला तृप्तीचा नमस्कार.

मी मजेत आहे, मेसचं जेवण बराबर आहे. आईचा गुडघा कसा आहे? रानातल्या हरभऱ्याला घाटे धरले का?

पुढचं एकट्यानं वाच. फोन केला अस्ता, पण तू स्पीकरवर टाकतोस अन् दैवशालावहिनी घाबरती.

संक्रांतीला मी आल्ते तवा हुरड्यासोबत तू चटणी घेतली न्हाईस. तोंड आलंय म्हणालास. इथं आमच्या कॉलेजच्या दाताच्या दवाखान्यात तुझ्याच वयाचे लोक हेच सांगत येतात. त्यांच्याही खिशात तुझ्यासारखीच सुपारीची पुडी असती. मंग हळूहळू जबडा उघडंना होतो.

आरशापुढं तीन बोटं उभी धरून तोंडात घाल. बराबर गेली तर मला खुशाल हास, पण पुडी बंद कर.

दोनच गेली तर फोन करत बसू नको, जालन्याहून रेल्वेत बस. घरी सांग, तृप्तीला परीक्षेसाठी पेशंट मिळंना. आमच्यात सगळीच पोरं घरचं माणूस पेशंट म्हणून आणतात, कोणाला शंका येणार न्हाई.

परीक्षेचा पेशंट मला कधीचाच मिळालाय.

तू न येण्याची वाट बघणारी,
तृप्ती