आईला फ्रेंच कशाला?

३ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देणार नाहीस. आपल्या घराची रीतच ती. एकाने तोंड उघडायचं आणि दुसऱ्याने वाक्य संपवायचं. बाबा म्हणायचेच की या घरात काही महत्त्वाचं सांगायचं असेल तर लिहून द्यावं. तर लिहून देतो. आधी खाली बस.

आई फ्रेंच शिकायला लागली आहे.

हो, फ्रेंच. मी तर उडालोच! अडुसष्ट वर्षांची बाई, चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिलेली. परवा तिने पांढरा कोट काढून खुंटीला लावला, पिशवीत वही टाकली आणि म्हणाली की पाच ते सहा दुकान तू बघ, मी क्लासला जातेय. मला वाटलं गुडघ्यांच्या व्यायामाचा असेल. मग तिने पुस्तक दाखवलं. खोकल्याच्या औषधाची बाटली हातात होती, ती सुटता सुटता राहिली.

कारण विचारावं तर रोज नवं. मला म्हणाली की जगात कितीतरी देशांत ही भाषा बोलतात. त्यातल्या कुठल्या देशात निघालीस असं विचारलं, तर म्हणाली कुठल्याच नाही. तुझ्या वहिनीला सांगितलं की अत्तराच्या बाटल्यांवर काय लिहिलंय ते न वाचताच इतकी वर्षं विकलं, आता वाचून विकीन. शेजारच्या शिंप्याला सांगितलं की चांगली नोकरी मिळते. अडुसष्टाव्या वर्षी! तो बिचारा हो हो म्हणून सटकला. ही सगळी कारणं क्लासच्या माहितीपत्रकात ओळीने छापलेली आहेत, मी पाहिलंय. आई ते पत्रक पाठ म्हणून दाखवतेय, दुसरं काही नाही.

सकाळी दुकान उघडायच्या आधी शटर अर्धं वर करून स्टुलावर बसते आणि क्रियापदं घोकते. एप्रिलात परीक्षासुद्धा देणार म्हणते. तुझ्या वहिनीचं म्हणणं, शिकवणारे गृहस्थ विधुर आहेत आणि केस फार चापूनचोपून बसवतात. मी तिला गप्प केलं, पण तेव्हापासून माझाच घास घशाखाली उतरत नाही.

एक राहिलं. डिसेंबरात ते घड्याळवाल्या काकांचं झालं होतं बघ. रक्तदाबाच्या गोळ्यांऐवजी मधुमेहाच्या गोळ्यांची स्ट्रिप गेली, चक्कर येऊन ते जिन्यावरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. तेव्हापासून आई जरा गप्प गप्पच असते. वयाचा डोक्यावर परिणाम तर नसेल ना? तू विचारून बघ. तुझ्याशी ती बोलते.

लोभ आहेच, सध्या जोडीला थोडी दयाही असू दे.
तुझा,
दादा


९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र चष्म्याच्या दुकानात, एका गिऱ्हाइकाचे डोळे तपासता तपासता वाचलं. फ्रेंच या शब्दाशी आले आणि इतक्या जोरात अगंबाई म्हणाले की त्या बिचाऱ्याला वाटलं त्याच्या डोळ्यातच काही भयंकर दिसलं. त्याला पाणी पाजून घरी पाठवलं.

धक्का मलाही बसलाय, पण तुझ्याइतका नाही. तुझी खरी अडचण वेगळी आहे, दादा. पाच ते सहा तुला एकट्याला उभं राहावं लागतं, ते झोंबतंय. आणि वहिनीला सांग, आईने बाबांना केस विंचरायला लावण्यात तीस वर्षं घालवली. आता आयते विंचरलेले केस दिसले तर तिने नुसतं बघूही नये का?

पण गंमत पुरे. परीक्षा देणार हे वाचून मीही चरकले. आई हौसेने एखादी गोष्ट करेल, पण कुणी गुण द्यावेत म्हणून ती या वयात कशाला जीव काढेल? मी तिला पत्र टाकलंय आणि बजावलंय की पत्रकातलं एकही कारण चालणार नाही.

तोवर तिला छळू नकोस. एवढं ऐकलंस तर तुझ्यावरचा लोभ वाढवायचा विचार करीन.
तुझी,
ठमी


२० मार्च

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. धमकी आवडली. खरं कारण हवंय ना, मग ऐक, पण तुझ्या दादाला यातलं अक्षर कळवायचं नाही.

घड्याळवाले काका प्लास्टर घालून दुकानात आले होते, डाव्या हातात ती स्ट्रिप घेऊन. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी स्ट्रिप काउंटरवर ठेवली, नीट बघा एवढंच म्हणाले आणि गेले. मी हादरले. ज्या हाताने तो माणूस केसाएवढा स्क्रू बसवतो, तो हात आपल्या दुकानामुळे गळ्यात बांधलेला. मी मोठ्याला विचारायला गेले की त्या दिवशी ही स्ट्रिप मी का, आणि नेहमीप्रमाणे त्याने वाक्य पुरं केलं. म्हणाला की हो, तूच दिलीस, जाऊ दे आता, वय झालं की होतं असं.

ठमे, मला काही म्हणता काही आठवेना. त्या दिवशी काका आल्याचंच आठवेना.

डॉक्टरकडे जा म्हणशील. गेले होते. त्याने तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, मी ठेवले, तो शाबास म्हणाला. तीन शब्द तर पोपटही ठेवतो! आणि घरात मला कळावं कसं? एखाद्याचं नाव अडलं की सूनबाई पुरवते. औषधाचं नाव अडलं की मोठ्या पुरवतो. जुनं गिऱ्हाईक असेल तर तेही पुरवतं. मग माझं डोकं मी चालवतेय की तुम्ही सगळे मिळून चालवताय?

म्हणून फ्रेंच. आपल्या घरात ती कुणाला म्हणजे कुणाला येत नाही. तिथे अडलं की अडलं, हात द्यायला कुणी नाही. आज शिकलेलं उद्या राहतं का, आठवड्याने राहतं का, हे मला एकटीला तपासता येतं. मी रोज वहीत मांडते. काही दिवस बरे जातात. एखाद्या दिवशी बारा शब्दांतले सात गायब असतात आणि मग मी मोरीत जाऊन नळ सोडून रडते.

बारा एप्रिलला परीक्षा आहे. पास झाले तर कोट अंगावर ठेवीन. नापास झाले तर दुकानाच्या पाटीवरचं माझं नाव पुसायचं आणि काउंटरमागे पुन्हा पाय ठेवायचा नाही. चाळीस वर्षं लोकांनी डोळे मिटून माझ्या हातून औषध घेतलं. त्यांच्या जिवाशी खेळ नको.

मोठ्याला सांगू नकोस. तो हळवा आहे. उगाच मनाला लावून घेईल की आपण बोललो म्हणून आई खचली.

जप स्वतःला. माया आहे ती आहेच, मागावी लागत नाही.
आई


५ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. दोन आठवडे तोंड शिवून बसले होते, आज राहवलं नाही. आईचा शब्द मोडतेय, पाप माझ्या माथी. सोबत तिचं पत्र पाठवतेय. बसून वाच.

आपण विधुराचे केस मोजत बसलो आणि ती मोरीत नळ सोडून रडत होती! तू त्या वेळी जाऊ दे म्हणालास, ते तिला धीर द्यायलाच म्हणाला असशील, मला माहीत आहे. पण आता तिच्या क्रियापदांची थट्टा केलीस तर मी पुढच्या गाडीने तिथे येऊन थडकेन. परीक्षेपर्यंत दुकानाचं सगळं तू बघ, तिला अभ्यास करू दे. आणि तिला काही कळलंय असं दाखवू नकोस.

घाईत आहे. लोभ वगैरे तूच समजून घे.
ठमी


१२ एप्रिल

ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार. एका घरात राहून पत्र लिहितोय. तू परीक्षेला गेली आहेस. हे तुझ्या कोटाच्या खिशात ठेवतोय. ठमीने तुझं पत्र मला पाठवलं. तिच्यावर रागावू नकोस. रागवायला दुसरं माणूस आहे.

काकांना ती स्ट्रिप मी दिली.

त्या दिवशी तू दुकानात नव्हतीसच, आई. तू दात दाखवायला गेली होतीस. म्हणून तुला काका आल्याचं आठवत नाही. आठवणार कुठून? माझ्या कानाला फोन होता, मी मित्राशी खिदळत होतो, हात शेजारच्या खोक्यात गेला. काकांनी स्ट्रिप काउंटरवर ठेवली त्याच क्षणी मला सगळं आठवलं. तेवढ्यात तू विचारायला लागलीस की मी का, आणि मला सुटका आयती समोर दिसली. मी तुझं वाक्य पुरं केलं. कसलाही विचार न करता, सवयीने तोंडातून गेलं, आणि गेल्यावर परत घेतलं नाही.

उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत चार महिने गेले. ठमीला लिहिताना स्ट्रिप गेली असं लिहिलं, जसे काही तिला पाय होते. तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय का, असंही मीच लिहिलं. ते लिहिताना माझा हात झडला कसा नाही?

ठमीचं पाकीट चार दिवसांपूर्वी आलं. परीक्षेआधी सांगितलं तर तुझं चित्त उडेल, असं मी स्वतःला समजावलं. तेही खोटंच. भ्यालो मी.

तुझ्या डोक्याला काही झालेलं नाही, आई. काहीसुद्धा नाही. काय शिक्षा द्यायची ती दे.
मोठ्या


२८ एप्रिल

चि. मोठ्यास,
आशीर्वाद. ते आईने द्यायचेच असतात, म्हणून दिले.

सोळा दिवस तुझ्याशी बोलले नाही. बोलायला गेले असते तर तोंडून काय निघालं असतं देव जाणे. तुझं पत्र मी परीक्षेहून आल्यावर कोट घालताना वाचलं, आणि स्टुलावर बसले ती गिऱ्हाईक हाका मारून परत गेलं तरी उठले नाही. दाताची गोष्ट वाचली तेव्हा तर हसू फुटलं, वेड्यासारखं. पावती पर्समध्येच होती, तारखेसकट. चार महिने मी डोक्यात शोधत बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे मीच रोज बसून दोर वळत होते.

चूक कुणाकडूनही होते. माझ्याकडूनही झाली आहे, तू लहान होतास, तुला माहीत नाही. स्ट्रिपची मी तुला केव्हाच माफी दिली. पण रोज सकाळी तुझ्या डोळ्यांसमोर मी घोकत होते, आणि तू चहाचा कप माझ्यापुढे ठेवून थट्टा करत होतास. ते माझ्याच्याने गिळवत नाही. पोटच्या पोराने आईला तिच्याच डोक्याची भीती घालावी?

काकांकडे तू गेलास, सगळं सांगितलंस, हे त्यांनीच मला सांगितलं. बरं केलंस. त्यांचं मनगट पूर्ण सुटेपर्यंत रोज त्यांच्या दुकानात जाऊन बारीक कामाला हात द्यायचा. आपल्या काउंटरमागे मी सांगेन तेव्हाच यायचं. तोवर मी एकटी बघते, पाच ते सहा शटर खाली ओढीन, मला जमतं.

काल निकाल लागला. शंभरात एक्क्याण्णव. वर्गात पहिली आले. शिकवणाऱ्यांनी विचारलं की आता परीक्षा झाली, पुढच्या वर्गाला येणार का, आणि येणार असाल तर कशासाठी. पत्रकातलं एखादं कारण सांगून मोकळी झाले असते. पण खोट्याचा कंटाळा आलाय. मी सांगितलं की येणार, कारण तो एक तास असा आहे की तिथे माझा मुलगा नसतो.

त्यांनी अर्ज माझ्यापुढे सरकवला. मी नाव घालून आले.

लोभ मागू नकोस. आटलेला नाही, पण एवढ्यात मागू नकोस.
आई