गाडी लातुरात, चाकं मुखेडात

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

लातूर, श्रावण (नावापुरता)

ति. शरणप्पाअण्णा यांच्या सेवेशी, धाकटा साडू गुरुपादप्पाचा शरणु शरणार्थी.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. मुखेडला तुमच्या विहिरीत अजून पाणी आहे हे ऐकून आनंद झाला (झाला नाही, पण तीही पद्धतच आहे). आमचं लातूर आता जिल्ह्याचं गाव. कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या, पाट्या आल्या. सामान हलवताना पाणी तेवढं जुन्या जिल्ह्याला, उस्मानाबादेत, विसरून राहिलं. आणि आता तिकडंही सापडत नाही म्हणतात. सिद्धम्माअक्कांचा गुडघा कसा आहे? तुमचा खोकला? सगळ्यांत आधी कळवा ते सासूबाईंच्या डोळ्याचं. मोतीबिंदू लई पिकू देऊ नये असं इथले डॉक्टरही म्हणतात, तारीखही देऊन ठेवलीय. पण त्यांचा हट्ट तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही: मामंजींच्या गाडीत बसून एकदा औशाला माहेरी जाऊन येईन, मगच डोळा कापून घेईन. दिसतंय तोवर रस्ता बघायचाय त्यांना. मला त्यात काही चूक वाटत नाही. मामंजींनी हैदराबादच्या जहागीरदाराकडून ती लाल, उघडी, दोनच सीटांची विलायती गाडी आणली, आणि शेजारच्या सीटवर जन्मभर दोस्त बसवले. बायकोला एकदाही नाही.

आणि जाताना वाटणी काय केली, तर गाडी मला आणि तिची तारांची चार चाकं तुम्हाला! दोघे साडू एकमेकांना धरून राहतील, हा हेतू. माणूस दिलदार, पण जावयांची पारख कच्ची. तुम्ही म्हणालात, गाडी मुखेडला आणा, चाकं बसवून देतो. मी म्हणालो, बिनचाकाची गाडी मुखेडला आणायची कशी, तेवढं सांगा. तेव्हापासून गाडी माझ्या गोदामात विटांच्या थप्प्यांवर, चाकं तुमच्या माळ्यावर, आणि सासूबाईंचा मोतीबिंदू मधल्या मध्ये वाढून राहिलाय. तर अण्णा, हे पत्र चाकं मागायला लिहिलेलं नाही. तुमच्या चाकांवाचून माझं काही अडलं नाही, एवढं कळवायला लिहितो.

झालं असं, की जिल्ह्याचा वाढदिवस आला. त्याची समिती झाली आणि वकील हणमंतराव तिचे अध्यक्ष झाले (गावात समिती झाली की ते अध्यक्ष होतात, वेगळं काही करावं लागत नाही). मुंबईहून पाहुणे येणार, त्यांना उघड्या गाडीतून गंजगोलाईच्या गोल बाजाराला फेरी घालायची, असं ठरलं. जिपा सगळ्या दुष्काळी कामांवर. हणमंतरावांनी माझ्याकडं पाहिलं, आणि विचार करायच्या आत माझ्या तोंडून "हाव" गेलं. मनात हिशेब एवढाच होता, की समितीच्या नावानं चाकं मिळतील, पाहुणे एकदा फिरतील, आणि दुसऱ्याच दिवशी सासूबाईंना औशाला नेईन.

चाकं निवडणं ही काय चीज आहे हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. हणमंतरावांना जिपेची हवी होती, उंच. पाहुणे लांबूनही दिसले पाहिजेत. मेस्त्री पंढरी म्हणाला, ती बसणारच नाहीत. ह्या गाडीचं चाक चार नटांवर नसतं. ते मधल्या दात्यांवर सरकवायचं आणि वरून पंख असलेलं एकच मोठं नट हातोडीनं ठोकून आवळायचं. अखेर नांदेडच्या एका भंगारवाल्याकडं तशी तारांची चाकं सापडली. दोन पंधरा इंची, दोन सोळा इंची. मग मोठी पुढं की मागं, ह्यावर समितीची बैठक झाली. हणमंतराव म्हणाले पुढं, जिल्हा मान वर करून चाललाय असं वाटलं पाहिजे. पंढरी म्हणाला मागं, गाडी बैलासारखी शिंगं रोखून निघाली पाहिजे. मागं ठरलं. त्यामुळं पाहुणे सगळा वेळ पुढं घसरत राहिले, ही पुढची गोष्ट. रंगावर आणखी एक बैठक. तारा चांदीच्या रंगाच्या हव्यात हे आमच्या शांतम्मानं बैठकीला न येताच ठरवलं. टायरला मामंजींच्या वेळेसारखा पांढरा पट्टा हवा होता, तो चुन्यानं काढला (चुना भिजवायला तांब्याभर पाणी लागलं, ते शेजारच्यांनी अजून ऐकवायचं थांबवलं नाही).

फेरीच्या सकाळी विरूपाक्षस्वामी पूजेला आले. पंढरीनं चारही नटं आवळून ठेवली होती आणि तो पेट्रोल आणायला गेला होता. तेवढ्यात हणमंतरावांना सुचलं, की समितीतल्या प्रत्येकानं चाकाच्या नटावर हातोडीचा एकेक मानाचा ठोका द्यावा. नारळ एकच होता, मानकरी भरपूर होते. मलाही ते बरं वाटलं, कुणी रुसायला नको. स्वामींनी फक्त एवढं सांगितलं, की ठोका असा द्या, की नट प्रदक्षिणेच्या अंगानं फिरावं. सणाच्या दिवशी उलटं काही फिरवायचं नाही. मग काय, भुसारवाले झाले, कापडवाले झाले, सोसायटीचे झाले. एक जण बाहेरगावी होता, त्याच्या वाटणीचा ठोका त्याच्या मेव्हण्यानं दिला. वरून प्रत्येक नटाला कागदी फुलांचा हार (खरी फुलं यंदा कुठली?), म्हणजे नट दिसायची सोय राहिली नाही.

अण्णा, ही गोष्ट मामंजींनी तुम्हाला सांगितली असेल, मला सांगितली नव्हती. ह्या गाडीच्या डाव्या अंगाची नटं सुलटी आवळतात आणि उजव्या अंगाची उलटी. म्हणजे डावीकडं बसलेल्या प्रत्येक मानाच्या ठोक्यानं नट आवळत गेलं, आणि उजवीकडं, जिथं मी स्टेअरिंग धरून बसणार होतो, तिथं सगळा गाव मिळून माझं चाक भक्तिभावानं सोडवत होता.

पाहुणे बसले (नाव लिहीत नाही, टपालखातं सरकारी आहे). बँड पुढं, आम्ही मागं. गोलाईत वळलो तसा उजवीकडून आवाज सुरू झाला, टक्, टक्. मी पाहुण्यांकडं पाहिलं, ते हात हलवत होते. गाडी थांबवावी, तर मागं सगळी समिती चालत होती. न थांबवावी, तर आवाज वाढत होता. स्टेअरिंग थरथरायला लागलं. मला पाहुणे दिसत नव्हते की बँड. दिसत होत्या त्या सासूबाई, औशाच्या रस्त्यावर, शेजारच्या सीटवर, आणि मी मनात गाडीला म्हणत होतो, बाई, एवढी गोलाई काढ, एवढी गोलाई. तेवढ्यात पाहुण्यांनी विचारलं, "हे चाक कुणाचं हो?" पाहतो तर चुन्याच्या पांढऱ्या पट्ट्याचं एक चाक मिरवणुकीच्या पुढं निघालेलं. ओळख पटायला क्षणभर गेला. मग गाडी उजवीकडं बसली आणि पाहुणे माझ्या मांडीवर आले.

चाक बँडमधून पार झालं, कुणाला लागलं नाही, आणि टँकरपाशी घागरींच्या रांगेत जाऊन आडवं पडलं. तिथं केवळाबाई म्हणून एक बाई पहाटेपासून उभी. तिनं त्यावर घागर टेकवली. हणमंतराव धावत गेले आणि म्हणाले, चाक द्या, पाहुणे खोळंबलेत.

"मधीच घुसलंय ते," बाई म्हणाली. "नंबर आला की न्या."

"अहो, हे जिल्ह्याचं चाक आहे!"

"हाव का? मग जिल्ह्याला म्हणावं, रांगेत ये. आमी बी जिल्ह्यातलेच हाव."

पाहुणे पायी गेले, ते बरे चालतात. टँकर रिकामा झाल्यावर चाक मिळालं, पण तारा तुटलेल्या, आणि नट तर अजून सापडलेलं नाही. गाडी उरलेल्या तीन चाकांवर बैल जुंपून घरी आणली, तोवर उजवीकडचं दुसरंही निखळून मोडलं. डाव्या अंगाची चाकं इतकी आवळलीत की निघता निघत नाहीत. म्हणून सध्या गाडी एका अंगानं चाकांवर आणि एका अंगानं विटांवर आहे. बाकी सर्व ठीक. हणमंतराव बोलत नाहीत, ही त्यातली जमेची बाजू. पुन्हा सांगतो, तुमच्या चाकांची मला गरज नाही. दुसरी बघून राहिलोय. सासूबाईंना दंडवत सांगा आणि धीर धरायला सांगा.

तुमचा,
गुरुपादप्पा

ता. क. पाकीट चिकटवत होतो तर दारात सासूबाई. शांतम्मानं परस्पर अक्कांना कळवलं होतं की गाडी चालू झाली, आणि अक्कांनी त्यांना मुखेडहून लातूरच्या एसटीत बसवून दिलं. तुम्ही बाजाराला गेला होतात म्हणे. दोघी बहिणींनी आपल्याला विचारलं नाही, ह्यात आपल्या दोघांचा सारखाच अपमान आहे, हे लक्षात असू द्या.

ता. क. दुसरा. त्या थेट गोदामात गेल्या, चाचपत दार उघडलं आणि सीटवर बसल्या. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "चला." विटा त्यांना दिसल्या नाहीत. माझ्यानं सांगवेना. इंजिन सुरू केलं, स्टेअरिंग थोडं हलवलं, हॉर्न वाजवला. शांतम्मानं समोर उभं राहून सुपानं वारा घातला. असं बराच वेळ चाललं. मग त्यांनी विचारलं, "औसा आलं का?" मी म्हणालो, "येऊन राहिलंय." तर म्हणाल्या, "जावई, इतक्या वेळात एक बी खड्डा लागला न्हाई. मला दिसत न्हाई, कळतं."

ता. क. तिसरा. त्या उतरायला तयार नाहीत. मामंजींच्या नावानं शपथ घातली आहे की चाकं येईपर्यंत उठणार नाही. जेवणाचं ताट तिथंच दिलं. ऑपरेशनची तारीख जवळ आली आहे. तेव्हा अण्णा, उजवीकडची दोन चाकं, त्यांच्या उलट्या नटांसकट, मिळेल त्या एसटीच्या टपावर घालून तुम्ही स्वतः घेऊन या. नटं मला आवळता येत नाहीत. आणि औशाला जाताना आपल्या दोघांपैकी एकालाच जागा आहे. गाडी तुम्ही चालवा, मी मागून एसटीनं येतो.