शिकंज्यात मी आधी जाऊन आले

चि. सौ. धाकटीस,

ताईचे पोटभर आशीर्वाद. यजमानांचे गुडघे जिना चढू देतात का? सासूबाईंना अजून सोयीचं तेवढंच ऐकू येतं ना? लेकीचा खोकला गेला का? तुझ्या काखेजवळच्या गाठीची चौकशी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. विसरले असं समजून खूश होऊ नकोस. दुखत नाही तर कशाला उकरायचं, असं फोनवर म्हणालीस आणि विषय पडद्यांच्या कापडावर नेलास, ते माझ्या लक्षात आहे.

इकडे गंमतच झाली. परवा मी छातीची तपासणी करून आले (सहज, तुझ्याशी काही संबंध नाही). सोबत तुझे भावजी. टेबलामागच्या नर्सबाईंनी भर बाकांसमोर विचारलं, पाळी कितव्या वर्षी आली? भावजी एकदम भिंतीवरचं बंद घड्याळ निरखू लागले. मी सांगितलं, पंधरावं संपताना. धाकटीला मात्र माझ्याआधी, अकराव्यातच. (त्यावरून आईने मलाच बोल लावले होते, जणू मी रांगेत झोपून राहिले.) आणि गेली कधी? माझी पंचेचाळिशीत, धाकटीची पंचावन्नला, तेही तरुणपणाचं प्रशस्तिपत्र म्हणून वर्षानुवर्षं मिरवून झाल्यावर. नर्सबाई म्हणाल्या, "आजी, तपासणी नक्की कुणाची आहे?"

हे सगळं कशाला विचारता, म्हटलं, तर त्यांनी नीट समजावलं. दर महिन्याला अंगातले हार्मोन स्तनातल्या पेशींना निरोप धाडतात, तयारीला लागा, पाहुणा येईल. त्या वाढू लागतात, पाहुणा येत नाही, मग आवराआवर. पाळी लवकर आली आणि उशिरा गेली की ही धावपळ जास्त वर्षं चालते, आणि नवी पेशी घडताना जुनीच्या नकलेत चूक होऊन कॅन्सरचा संभव थोडा वाढतो. लवकर मुलं झाली, अंगावर पाजली, तर पुढे तो थोडा उतरतो. मी जन्मभर पुस्तकं बांधली, मला चटकन पटलं. जितक्या वेळा पानं जुळवावीत तितक्या वेळा एखादं उलटं लागायची धास्ती.

झालं, मी बाकावरच्या बायकांची शाळाच घेतली. मूल नसलेली एक बाई रडवेली झाली. मी मात्र, पाळी उशिरा आली, लवकर गेली, तीन पोरं पाजली, तेव्हा आपल्याला माफी, असा निकाल लावून पिशवी उचलली. (भावजी माझ्याआधी दाराशी.) नर्सबाईंनी तिथेच गाठलं. "माफी कुणालाच नाही, आजी. हा नुसता अंदाज असतो. पाळी उशिरा आलेल्यांनाही कॅन्सर होतो आणि लवकर आलेल्या बहुतेकींना होत नाही. चला आत." ती रडवेली बाईसुद्धा हसली.

आतलं यंत्र म्हणजे आपल्या कारखान्यातला पुस्तकं दाबायचा शिकंजाच, फक्त स्वच्छ. मी तिथल्या मुलीला बजावलं, सावकाश आवळ, कडा दुमडतील. ती म्हणाली, श्वास धरा, बोलू नका. मी "का?" विचारलं, म्हणून पहिला फोटो हलला. दुखलं म्हणशील तर चिमटा बसला एवढंच. ड्रॉवरमध्ये बोट सापडल्यावर तू घर डोक्यावर घेतलं होतंस, त्याच्या पावपटही नाही. रिपोर्ट चांगला आला.

तुझी,
ताई

ता. क. – तुझ्याशी संबंध नाही असं वर लिहिलं, ते साफ खोटं. मला काहीही होत नव्हतं. "आधी तू, मग मी" असं तू गार पाण्याच्या आंघोळीलाही म्हणायचीस, म्हणून आधी जाऊन आले.

आणखी एक ता. क. – गाठी बहुतेक साध्याच निघतात, पण कुठली साधी हे चाचपून तुलाही कळत नाही आणि मलाही. पुढल्या मंगळवारी सकाळची वेळ तुझ्या नावाने घेतली आहे. नर्सबाईंना तुझ्या पाळीची हकीकत तोंडपाठ आहे, तुला फक्त यायचं आहे. भावजी घड्याळासाठी स्क्रूड्रायव्हर घेऊन येणार आहेत. उत्तर लगेच टाक. येणार असशील तर एक ओळ पुरे. नाही म्हणायचं असेल तर मात्र मी ते कागदावर वाचणार नाही. मंगळवारी त्याच बाकावर, माझ्या शेजारी बसून तोंडाने सांग.