गाव उनं, पदर ले

सोनगीर
१२ एप्रिल २०२५

चि. सौ. सरितास,

सुगंधामावशीचा आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत. ऊन मात्र असं की मशीनचं पायडल अनवाणी दाबवत नाही. लग्नसराईमुळे फॉल-पिकोचा ढीग पडलाय. तुझे काका म्हणतात, दुकानातच खाट टाकून घे.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू "हो मावशी, हो मावशी" करतेस आणि ठेवून देतेस. म्हणून पार्सलातच घालते आहे.

पार्सलात दोन ब्लाऊज आणि एक परकर आहे. परकर सुतीच शिवलाय. तो तुझा सॅटिनचा घसरडा कुणाला तरी देऊन टाक बाई. साडी टिकते ती परकरावर. नाडी घट्ट हवी, पण बसल्यावर जीव गुदमरेल इतकी नको. निऱ्या खोचल्या की आतून एक पिन परकराला लावायची. खांद्याची पिनही ब्लाऊजच्या आतून, म्हणजे साडी फाटत नाही. आणि साडी जरा वर नेस. जमीन झाडायला नेसतात का?

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

परवा तू स्टेटसला फोटो टाकलास. आमच्या जावयांच्या, गोपालरावांच्या मोटारसायकलवर मागे एका बाजूला बसली आहेस, डोक्यावर पदर, आणि पदराचं टोक मागे वाऱ्यावर. सगळ्यांनी बदाम पाठवले. मी फोन उपडा ठेवला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. रागारागाने तुला फोन लावला आणि शेवटी परकराचं माप विचारून ठेवला.

तुझी आई मोटारसायकलवरून पडून गेली, हे तुला ठाऊक आहे. पण तू ते ऐकलंस तुझ्या आजीच्या तोंडून: "बाईला धड पदर सांभाळता आला नाही." तेच ऐकत वाढलीस. लग्नात मी तुला साडी नेसवत होते तेव्हा म्हणालीस, "मावशी, नीट नेसव, मी आईसारखीच वेंधळी आहे." माझ्या तोंडात पिना होत्या म्हणून बोलले नाही.

ऐक सरे. उषाअक्का वेंधळी नव्हती. आखाजीच्या सणाचं माहेरपण करून ती निघाली तेव्हा मी समोर उभी होते. पदर पाठीवरून पुढे घेऊन तिने कमरेला गच्च खोचला, पिन लावली, सगळं पक्कं बसलंय ना ते ओढून बघितलं आणि मला म्हणाली, "देख, बठ्ठं पक्कं शे." धुळं गेलं, अख्खा हायवे गेला, पदर जागचा हलला नाही. मग तुमच्या गावाची वेस आली. पारावर मोठी माणसं बसलेली. त्यांच्यासमोरून सुनेने उघड्या डोक्याने कसं जायचं? तुझे पप्पा म्हणाले, "गाव उनं, पदर ले." तिने पिन काढली, खोचलेला पदर सोडवला आणि डोक्यावर घेतला. टोक मागच्या चाकात गेलं. घर दिसत होतं गं तिथून. वेशीतच गेली ती. पिन तिच्या मुठीत होती.

पप्पांनी हे मला तेराव्याच्या दिवशी सांगितलं, रडत. त्यानंतर त्यांच्या तोंडून एक शब्द नाही. आजी बोलत राहिली, ते ऐकत राहिले. मला अजून राग येतो त्यांचा. पण त्या माणसालाही रोज त्याच वेशीतून जावं लागतं.

तुझ्या सासूबाई, यशोदाबाई, मनाने चांगल्या आहेत. पण गावात शिरताना डोक्यावर पदर पाहिजे म्हणाल्या, असं तूच हसत हसत सांगितलंस. मला नाही हसू आलं. मी त्यांच्याशी भांडायला येणार नाही, तुझा संसार आहे. पण गाडीवर असताना खोचलेला पदर सोडायचा नाही. वेस येऊ दे, सासरे समोर येऊ देत, नाही म्हणजे नाही. सोडायचाच असेल तर आधी गाडी थांबव, खाली उतर.

पार्सलाच्या तळाशी एक मोठा रुमाल आहे. डोक्यावरून घ्यायचा आणि हनुवटीखाली गाठ मारायची. तो तुझ्या आईच्या लग्नातल्या शालूच्या पदराचा आहे. त्या आखाजीला अक्का तो शालू माझ्याकडे फॉल बदलायला ठेवून गेली होती. मी तुझ्यासाठी जपला होता, कधी सांगितलं नाही. काल त्याला कात्री लावली. एवढी वर्षं लोकांचे कपडे कापले, पण हा चार वेळा मोजून मग कापला. काठ कपाळावर येईल असा शिवलाय. कुणी विचारलं, पदर कुठे आहे, तर सांग, आईचा पदर आहे डोक्यावर.

आखाजीला ये. कडुनिंबाला झोका बांधून ठेवते. गोपालरावांना म्हणावं, एस.टी.त बसवून द्या, गाडी नको.

परत गेलीस की पोचल्याचा फोन कर. अक्काही म्हणाली होती, पोचल्यावर करते. मी अजून वाट बघते आहे.

तुझी,
सुगंधामावशी