जिन्यातील दिव्याच्या मेलखाली दबलेली बदली

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
पाणीपुरवठा विभाग,
दुसरा मजला, लिफ्टसमोरील दालन.

विषय : बदलीचा आदेश कार्यालयाच्या ई-मेल संग्रहात सुरक्षितपणे बंद झाल्यामुळे रखडलेली अर्जदाराची कार्यमुक्ती आजच मिळण्याबाबत.

संदर्भ : १) जुने ई-मेल संग्रहित करण्याविषयीचे मुख्यालयाचे परिपत्रक.
२) आपली तोंडी सूचना : "काय ते एकदा उरकून टाका."
३) अर्जदाराची यापूर्वीची स्मरणपत्रे (आपल्या टेबलावरील डाव्या ढिगात, तळाशी).

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर की, अर्जदार या कार्यालयाच्या आवक-जावक शाखेत वरिष्ठ लिपिक असून त्याची पत्नी दुसऱ्या गावच्या रुग्णालयात परिचारिका आहे. मुलगी तिच्याजवळ असते. अर्जदार गेली सहा वर्षे कार्यालयामागच्या गल्लीत एका भाड्याच्या खोलीत राहतो व सुटी मिळेल तशी घरी जातो. पत्नीचे म्हणणे असे की, "तुम्ही घरी आलात की पाहुण्यासारखं पाणी मागता, आणि पंख्याचं बटण कुठलं ते लेकीला विचारता." हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून असल्याने अर्जदाराने त्याचे खंडन केलेले नाही. याच कारणास्तव त्याने बदली मागितली व ती गेल्या महिन्यात मंजूर झाली. मात्र तिकडच्या कार्यालयाच्या नावे या महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत कार्यमुक्तीचे पत्र निघाले नाही, तर ती जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार आहे. तो शेवटचा दिवस आज आहे.

आता हे प्रकरण इथवर कसे आले, ते क्रमाने मांडण्याची अनुमती असावी.

१. या कार्यालयात नवीन ई-मेल लिहिण्याची पद्धत नाही, हे आपण जाणताच. नऊ वर्षांपूर्वी तेव्हाच्या अधीक्षकांनी "जिन्यातील दिवा बंद असल्याबाबत" असा एक मेल सर्वांना पाठवला. त्यात सगळ्यांचे पत्ते एकदाचे नीट बसले. ते पुन्हा जुळवत बसण्याची हौस कोणालाच नसल्याने, त्या दिवसापासून ज्याला जे सांगायचे तो तोच मेल उघडतो, "सर्वांना उत्तर" हे बटण दाबतो आणि खाली आपले लिहितो. मुख्य जलवाहिनी फुटली ती त्याच मेलमध्ये, भांडारपालांना मुलगा झाला तोही त्याच मेलमध्ये, आणि त्या अधीक्षकांचा निरोपसमारंभही त्यातच. मुख्यालयाकडेही आपला पत्ता याच मेलात असल्याने त्यांचे आदेशही दिव्याच्या खालीच येतात. दिवा दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झाला होता. पण तसे कोणी कळवले नाही, कारण तेवढ्यात दुसरे विषय सुरू झाले होते.

२. पुढे मेलपेटी भरली व संदर्भ क्र. १ चे परिपत्रक आले. तीन वर्षांहून जुने सर्व मेल एका आज्ञावलीने उचलून, आवळून, एकाच फाइलमध्ये बंद करावेत व पेटीतून काढून टाकावेत, असे त्यात होते. ही आज्ञावली म्हणजे एक काळी खिडकी असते. तीत चित्रे नाहीत, बटणे नाहीत. एक ओळ टाइप करायची आणि एंटर मारायचे. कार्यालयात कोणी तयार होईना, तेव्हा हे काम अर्जदाराकडे आले, कारण त्याचे टेबल दाराजवळ आहे.

त्या ओळीत एक निवड करावी लागते : मेल जुना की नवा, हे प्रत्येक मेलच्या तारखेवरून ठरवायचे की संभाषण सुरू झाले त्या तारखेवरून? अर्जदाराने टिपणी ठेवून विचारणा केली. समासात हिरव्या शाईत आपला शेरा आला : "संभाषणाचे तुकडे करू नयेत. एकत्र ठेवावे." अर्जदाराने आदेश पाळला. संभाषण नऊ वर्षांपूर्वी सुरू झालेले असल्याने आज्ञावलीने आदल्या संध्याकाळचे मेलही नऊ वर्षे जुने धरले आणि सबंध कार्यालय एका फाइलीत गेले.

येथे नमूद करावेसे वाटते की, ही आज्ञावली काम बिघडले तर बोलते व काम झाले तर गप्प राहते. आपल्याकडे याच्या नेमकी उलट रीत असल्याने घोटाळा झाला. आपण स्वतः येऊन विचारलेत, "झालं का?" अर्जदार म्हणाला, "झालं, साहेब." आपण म्हणालात, "मग काहीच कसं दिसत नाही? पुन्हा चालवा." अर्जदाराने गरज नसल्याचे सांगून पाहिले. त्यावर आपण "अहो, मी सांगतोय ना" असे म्हणालात, आणि अर्जदाराने तीच ओळ पुन्हा चालवली. दुसऱ्या खेपेस पेटीत काहीच शिल्लक नसल्याने ती आवळलेली फाइलच पुन्हा आवळली गेली. ती आकाराने थोडी वाढली.

३. अर्जदाराच्या बदलीचा आदेश त्या फाइलीत आहे. आस्थापना शाखेचे म्हणणे, "आदेश डोळ्यांनी दिसल्याशिवाय सोडता येत नाही, दादा. तुमच्यावर अविश्वास नाही, पण दिसायला हवा." मुख्यालयाला दुसरी प्रत मागितली, तर उत्तर आले की आदेश एकदाच निघतो व तो आपल्या कार्यालयाच्या मेलवर उपलब्ध आहे. अर्जदाराने मग तो आदेश स्वतः बाहेर काढून देण्याची तयारी दाखवली. त्यावर आपला शेरा असा की, स्वतःच्या बदलीचा आदेश स्वतःच काढणे उचित दिसत नाही, अन्य कर्मचाऱ्याने काढावा. अर्जदारास हे पटले. अन्य कर्मचाऱ्यांना पटले नाही.

ज्या दिवशी अर्जदार फाइल उघडण्याची रीत इतरांना शिकवणार होता, त्या दिवशी भांडारपाल डोळ्यांत औषध घालून आले. संगणकदुरुस्तीचे कंत्राटदार, ज्यांना सर्वजण वायरवाले म्हणतात, त्यांनी काळी खिडकी कंत्राटात बसत नसल्याचे लेखी दिले. आरेखक मात्र सरळ बोलले : "शिकायला माझी ना नाही हो. पण जो हे शिकला तो इथून सुटला नाही, हे समोरच बसलंय की!" असे म्हणून त्यांनी अर्जदाराकडे बोट केले. सगळे हसले. अर्जदारही हसला, कारण हसण्याने प्रकरणावर काही परिणाम होणार नव्हता.

४. दरम्यान मासिक अहवाल गेला. त्यात "प्रलंबित ई-मेल" या रकान्यात शून्य होते. तसे शून्य आजवर कुठल्याच विभागाला जमलेले नाही. मुख्यालयाने प्रशस्तिपत्र पाठवले, व खाली लिहिले की असा कर्मचारी शक्यतो त्याच कार्यालयात राखून ठेवावा. आपण ते बैठकीत मोठ्याने वाचलेत. टाळ्या झाल्या. अर्जदारानेही वाजवल्या, शेवटच्या वाक्याचा अर्थ त्याच्या ध्यानात आला तोवर चहा आला होता. त्यानंतर फाइल उघडण्याचा विषय काढला की आपण म्हणता, "एकदा शून्य झालंय ना, मग शून्यच राहू द्या. कशाला ढवळायचं?" घरी दूरध्वनीवर हे सांगितले तेव्हा पत्नी म्हणाली, "तुमचं कौतुक झालं हे बरंच झालं. लेक विचारतेय की तिनं तुमच्यासाठी कपाटातला खण रिकामा केलाय, तो पुन्हा भरू का?" या प्रश्नाचे उत्तर देण्याचे अधिकार अर्जदाराकडे नाहीत. ते आपल्याकडे आहेत.

५. अखेर परवा मीटरवाचन शाखेतील बाई, ज्यांना आपणही मीटरबाईच म्हणता, आपणहून शिकायला आल्या. अर्जदाराने त्यांना धोक्याची पूर्ण कल्पना दिली. त्या म्हणाल्या, "मला कुठं जायचंय, दादा? माझं घर समोर. सासूबाई गॅलरीतून बघतात मी खुर्चीत आहे का नाही. मला अडकवून अडकवून आणखी कुठं अडकवणार?" आज्ञा त्यांनी टाइप केली. हितसंबंधाचा आक्षेप येऊ नये म्हणून अर्जदार पडद्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला व तेथून एकेक अक्षर सांगत गेला. फाइल दोनदा उलगडावी लागली. गळक्या नळाचा फोटो आणि कोणाच्यातरी रजेची विनंती यांच्यामध्ये आदेश सापडला. बाईंनी तो छापला आणि मेल पुन्हा जागच्या जागी बंद केला. आपल्या शून्याला धक्का लागलेला नाही.

६. सबब आदेश आता दिसतो. तो अर्जदाराने काढलेला नाही. संग्रह उघडणारे माणूस कार्यालयात आहे व राहणार आहे. राहता राहिले ते प्रशस्तिपत्र. ते मूळ प्रतीत सोबत परत करीत आहे. ते ज्याला राखून ठेवायचे असेल त्याला द्यावे. अर्जदाराची कोणाविरुद्ध तक्रार नाही. आपल्याविरुद्धही नाही, आपण शेरे मारता ते वाईट हेतूने मारत नाही, हे सहा वर्षे ते नोंदवून ठेवणाऱ्याला कळते. तो फक्त दमला आहे.

आज सकाळी अर्जदाराने खोली सोडली. नव्या भाडेकरूने खाटही आणून टाकली. अर्जदार सामानासह आपल्या दालनाबाहेरील बाकावर बसून हा अर्ज लिहीत असून तो शिपायाहाती आत पाठवत आहे. संध्याकाळच्या गाडीने तो घरी जाणार आहे व मुलीला खण भरू नकोस, असे कळवून झाले आहे. आपण सही केलीत तर तो कार्यमुक्त होऊन जाईल, न केल्यास विनापरवानगी गैरहजर होऊन जाईल. हजेरीपटावर या दोहोंपैकी कोणता शेरा मारावा, एवढाच निर्णय आता आपल्याकडे प्रलंबित आहे. तो कृपया प्रलंबित ठेवू नये.

दाराबाहेर बसलेला, आपला नम्र,
(सही)
अर्जदार, वरिष्ठ लिपिक, आवक-जावक शाखा

दिनांक : महिन्याचा शेवटचा कामाचा दिवस, जेवणाच्या सुटीनंतर

सोबत :
१) बदलीचा आदेश, छापील प्रत.
२) संग्रह उघडण्याची रीत, मीटरबाईंच्या अक्षरात, एक पान.
३) प्रशस्तिपत्र, मूळ प्रत, चौकटीसह.
४) कार्यमुक्तीच्या पत्राचा मसुदा, टाइप करून, फक्त सही करावयाची आहे.
५) पेन.