अक्कलदाढ आणि डागणी

मुक्काम अंजनगाव
पौष वद्य पंचमी, शके १७८६

राजश्री वामनराव व्याही, अकोला, यांना नत्थुजी पाटलाचा रामराम. इकडे सारे खुशाल, तुमची खुशाली कळवावी.

यंदा विलायतेला आपल्या कापसाची अशी भूक लागली आहे की आमची ओसरीही कापसाने भरली. सूर्यभान गाड्या घेऊन अमरावतीला गेला आहे. तुमचा जावई कामाला वाघ आहे.

मध्यंतरी माझी किडलेली अक्कलदाढ एलिचपूरच्या हकिमाने काढली. पहिल्या दिवशी गालावर थंड पाण्याचे फडके, दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याची हलकी गुळणी, उशी उंच आणि चिलीम बंद, असे त्याने बजावले. तुमच्या सत्यवतीने माझ्याकडून सारे पाळून घेतले. चिलीम तर अशी दडवली की अजून सापडत नाही.

तिसऱ्या दिवशी गाल मडक्यासारखा फुगला. माझी बहीण माणिकबाई म्हणाली, "डाग देल्याबिगर सूज उतरत नाही." मीही कळांनी वेडा झालो होतो. होकाराची मान हलवली. तिने चुलीत सळई लाल केली.

सत्यवती आडवी आली. "आत्याबाई, हे काय करून राहिल्या तुमी? तिसऱ्या दिवसापर्यंत सूज चढतेच, मंग उतरते. हकिमानं सांगतलं ना!"

"बाजूले हो," मी दातांतूनच ओरडलो. ती हलली नाही. माणिकबाईने तिच्या बगलेतून सळई पुढे केली.

वामनराव, इतका वेळ इकडचे तिकडचे लिहीत होतो. तुमच्या लेकीने ती लाल सळई उघड्या हाताने धरली.

"सोडा," एवढेच म्हणाली. माणिकबाईने घाबरून सळई टाकली. सत्यवती रडली नाही. मी रडलो.

उजवा तळवा भाजला आहे. हकीम येऊन पट्टी बदलतो. बोटे वळतात, काळजी नसावी. माझी सूज दुसऱ्याच दिवशी उतरू लागली, आता भाकर चावतो. माणिकबाई तिला स्वतःच्या हाताने भरवते, वेणी घालते, आणि शेजारणींना सांगते, "आमच्या सुनेसारखी छाती साऱ्या परगण्यात कोनाची नाही."

लग्नात तुम्ही हात जोडले होते, पोर हट्टी आहे, सांभाळून घ्या. व्याही, या गावात पाटलाला "नाही" म्हणणारा माणूस मी पाहिला नव्हता. तो माझ्याच घरात निघाला, याचा मला केवढा अभिमान वाटतो ते कागदावर मावत नाही.

शिमग्याआधी तिला घेऊन मी स्वतः येतो. आधी तिचा हात पाहा. मग मला घरात घ्यायचे की नाही ते ठरवा.

पाटीलकीपेक्षा हे नाते मोठे मानणारा,
सत्यवतीचा सासरा
नत्थुजी